बोटीवर कायमचं राहणं: परदेशी मरीनात बिऱ्हाड मांडणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोट घ्यावी, परदेशातल्या एखाद्या मरीनात म्हणजे खासगी बोटी लावायच्या बंदरात लावावी आणि तिथेच बारा महिने राहावं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. बोट म्हणजे इथे साधारण ९ ते १४ मीटर लांबीची, शिडाची किंवा इंजिनाची, आत रांधायची-झोपायची सोय असलेली बोट. सगळ्या उत्तरांमागे माझं म्हणणं एकच आहे: बोटीचं घर जरूर करा, पण तिची बोट राहू द्या. दोर सोडून तासाभरात निघता येईल अशा अवस्थेत ती असली, तर व्हिसा, वादळ, भाडेवाढ, शेजार यांपैकी कुठलीही अडचण हाताबाहेर जात नाही.

मरीनात जागा घेतली की बोटीवर राहताही येतं का?

आपोआप येत नाही. मरीनाचा करार बोट उभी करण्याचा असतो, त्यात तुमचं राहणं धरलेलं नसतं. काही मरीना राहणाऱ्यांना आनंदाने घेतात, काही वर्षातल्या ठरावीक रात्रींपुरतं चालवून घेतात, आणि काहींत सरळ मनाई असते. पुष्कळदा हे मरीनाच्या हातातही नसतं. पाण्यावर वस्ती वाढली की सांडपाणी, गाड्या लावायची जागा, रहिवासी नोंदणी हे सगळं तिथल्या नगरपालिकेच्या अंगावर येतं, म्हणून परवान्यातच मर्यादा घातलेली असते. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात किनाऱ्याचं नियमन करणारा आयोग मरीनातल्या एकूण जागांपैकी १० टक्क्यांपर्यंतच राहत्या बोटींना मुभा देतो. ब्रिटनमध्ये निवासी जागा आणि हौशी जागा वेगळ्या, आणि हा फरक नियोजन-परवानगीतून ठरतो. तिथल्या कालव्यांवर कायमची जागा न घेता फिरतं राहायचं म्हटलं, तर साधारणपणे १४ दिवसांच्या आत बोट पुढे न्यावी लागते.

'इथे सगळेच राहतात, कुणी काही बोलत नाही' हे पॉन्टूनवर (बोटी बांधायच्या तरंगत्या धक्क्यावर) हमखास ऐकू येतं. त्यावर विसंबू नका. ऑफिसातला माणूस बदलला की चालत आलेलं एका दिवसात बंद होतं. वर्षभर राहणार आहोत, किती जण राहणार, हे ईमेलने स्पष्ट विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

मग लोक प्रत्यक्षात कुठे राहतात?

भूमध्य समुद्रात आणि त्यापलीकडच्या अटलांटिक किनाऱ्यावर हिवाळ्यात राहणाऱ्यांची काही जुनी ठिकाणं आहेत: सिसिलीतलं मरीना दी रागुसा आणि लिकाता, स्पेनमधलं कार्ताहेना आणि आल्मेरिमार, पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं लागोस, क्रीटमधलं आयोस निकोलाओस, तुर्कस्तानातलं फिनिके आणि मार्मारिस, ट्युनिशियातलं मोनास्तिर. उन्हाळ्यात या किनाऱ्यांवर पर्यटकांची झुंबड असते आणि दर चढलेले असतात. ऑक्टोबर ते एप्रिल त्याच जागा रिकाम्या पडतात, म्हणून मरीना सहा-सात महिन्यांचा करार बऱ्याच कमी दरात देतात. त्यामुळे तिथे दर हिवाळ्याला एक वस्तीच तयार होते. सकाळी व्हीएचएफवर (बोटीवरच्या रेडिओवर) हजेरीसारखा कार्यक्रम असतो: कोण नवीन आलं, हवामान कसं आहे, कुणाला जादा पंप विकायचाय, कुणाला दवाखान्यात दुभाषी हवाय. नवख्या माणसाने पहिला हिवाळा अशा वस्तीत काढावा असं मी आग्रहाने सांगेन. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल, कारण बोटीची जी कामं पुस्तकातून कळत नाहीत ती शेजाऱ्याच्या बोटीत वाकून बघितल्यावर कळतात.

बोट माझी, मी राहतो पाण्यावर. मग व्हिसा कशाला?

कारण मरीना त्या देशाच्या हद्दीत आहे. बोट तुमच्या मालकीची असल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही, आणि याच एका गैरसमजापायी सगळ्यांत जास्त बेत फसतात.

युरोपात दोन वेगवेगळी घड्याळं चालतात हे नीट लक्षात घ्या. एक माणसाचं. शेंगेन क्षेत्रात (आपसात सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) अल्पमुदतीवर असलेल्या बाहेरच्या नागरिकाला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, मग तो व्हिसा काढून आला असो वा व्हिसामाफीवर. ही खिडकी रोज पुढे सरकते: आजपासून मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आत किती दिवस होतो ते पाहायचं. दुसरं घड्याळ बोटीचं. युरोपीय संघाबाहेर नोंदलेली आणि बाहेरच्या रहिवाशाची बोट संघाच्या सीमाशुल्क हद्दीत १८ महिने कर न भरता राहू शकते. त्यानंतर ती बाहेर काढावी लागते, नाहीतर मूल्यवर्धित कर आणि सीमाशुल्क मागे लागतं. म्हणजे माणसाला तीन महिन्यांत निघावं लागेल, पण बोट तिथेच राहील, असं सहज होतं.

पूर्वी बरेच जण ९० दिवस संपले की क्रोएशियात जाऊन राहायचे. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आला आणि तो मार्ग बंद झाला. आता त्या भागात तुर्कस्तान, माँटेनेग्रो, अल्बेनिया, ट्युनिशिया हे बाहेरचे पर्याय उरतात, आणि त्यांचेही स्वतःचे दिवस मोजलेले असतात. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली आहे. पुसट शिक्क्याच्या भरवशावर चार दिवस जास्त राहायचे दिवस गेले.

पूर्ण वर्ष एकाच जागी राहायचं असेल तर त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा किंवा निवास परवाना काढा. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा, आरोग्यविमा आणि राहण्याचा पत्ता मागतात. मरीनाचा करार पत्ता म्हणून चालतो की नाही हे देशागणिक आणि कधीकधी शहरागणिक बदलतं. बोट घेण्याआधी हा प्रश्न सोडवा.

बोटीवर कुठली कागदपत्रं लागतात?

नोंदणीचं प्रमाणपत्र, खरेदीचा करार, कर भरल्याचा किंवा तात्पुरत्या आयातीचा पुरावा, विमा, रेडिओचा परवाना, आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र. युरोपात बऱ्याच ठिकाणी आयसीसी म्हणून ओळखलं जाणारं आंतरराष्ट्रीय क्षमता प्रमाणपत्र मागतात. नद्या-कालव्यांत शिरायचं असेल तर त्यावर सेव्हनी या अंतर्गत जलमार्ग नियमांची नोंद हवी. मूळ कागद बोटीवर, जलरोधक पिशवीत, आणि प्रती किनाऱ्यावर कुणाकडे तरी.

विमा कंपनीला 'आम्ही राहतो' हे सांगावं का?

सांगायलाच हवं, आणि लेखी. हौशी वापराच्या पॉलिसीत कायमचं राहणं बसत नाही, आणि दावा करायची वेळ आली की पहिली चौकशी तिथेच होते. निदान तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा तरी जवळजवळ प्रत्येक मरीना मागते. जुन्या बोटीसाठी कंपनी सर्व्हेअरचा अहवाल मागेल. अटलांटिकच्या पश्चिमेला राहणार असाल तर १ जून ते ३० नोव्हेंबर या चक्रीवादळांच्या हंगामात बोट कुठल्या अक्षांशाबाहेर असली पाहिजे, हे पॉलिसीत शोधून वाचा.

महिन्याचा खर्च कसा धरायचा?

भाडं लांबीवर असतं, आणि लांबी म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची. नाळेवर म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर बाहेर आलेला नांगर, मागे छोटी होडी टांगायचे दांडे, सगळं मोजतात. कागदावर ११.९ मीटर असलेली बोट प्रत्यक्षात १२ च्या वर गेली की पुढच्या दरात जाते, त्यामुळे स्वतः टेप लावून बघा. दोन तळांच्या कॅटामरानला बहुतेक मरीना दीडपट किंवा त्याहून जास्त आकारतात. वीज-पाणी कधी भाड्यात, कधी मीटरवर. हिवाळ्यात विजेवर हीटर चालवणार असाल तर हा फरक फार मोठा आहे.

ज्याचा लोक हिशेबच करत नाहीत तो खर्च देखभालीचा. बोटीच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के दर वर्षी लागतात, हा जुना आडाखा आहे. स्वस्तात घेतलेल्या मोठ्या, जुन्या बोटीला तो पुरत नाही, कारण शिडं, दोर, पंप, इंजिनाचे भाग यांच्या किमती बोट नवी असताना तिची जी किंमत होती त्या मापाने चालतात. शिवाय वर्षा-दोन वर्षांनी क्रेनने बोट बाहेर काढून तळाला रंग द्यावा लागतो. त्या दिवसांत बोटयार्डात बोटीवर राहू देतात का, शिडी चढून वर जायची तयारी आहे का, की खोली घ्यावी लागेल, हेही खर्चात धरा.

किती मोठी बोट घ्यावी?

दोघांनी मिळून, मदतीशिवाय, वाऱ्यात जागेवर लावता येईल एवढीच. एक मीटर वाढवला की जागा थोडी वाढते, भाडं, रंग, दोर आणि वजन मात्र त्याहून बरंच वाढतं. आतली उंची ताठ उभं राहण्याइतकी हवी आणि एक तरी पलंग असा हवा जो रोज उचलून टेबल करावा लागणार नाही.

किनाऱ्यावरची वीज घरातल्यासारखी वापरता येते का?

बेताने. युरोपात पॉन्टूनच्या खांबावर बहुतेक ठिकाणी निळा, गोल, १६ अँपियरचा सॉकेट असतो. २३० व्होल्टला गुणलं तर झाले ३,६८० वॅट. दोन हजारांची किटली आणि दीड हजारांचा हीटर एकदम लावला की तुम्ही काठावर आलात. त्यात बॅटरी चार्जर सुरू झाला की खांबावरचा ब्रेकर पडतो, आणि रात्री दोन वाजता पावसात जाऊन तो उचलावा लागतो. काही ठिकाणी तर ऑफिस उघडेपर्यंत वाट पाहावी लागते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि फिरवून बसवायचे ३० किंवा ५० अँपियरचे प्लग असतात. बोट एका खंडातून दुसऱ्या खंडात नेली तर चार्जर आणि पाणी तापवायचं यंत्र दोन्ही तपासून घ्या.

महिन्यातून एकदा मुख्य वीज बंद करून बोटीच्या अंगाचा प्लग काढा आणि आतल्या पिना उजेडात बघा. पितळ चकचकीत असलं तर ठीक. एखाद्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय, किंचित फुगलंय, जळका वास येतोय असं दिसलं, तर तो प्लग त्याच दिवशी बदला. खारट हवेने पिनेवर गंज चढतो, संपर्क ढिला होतो, तिथे उष्णता होते, आणि हीटर रात्रभर चालू असतो. बोटींना लागणाऱ्या कितीतरी आगींची सुरुवात अशीच होते.

बोटीखालचे धातू 'खाल्ले जातात' म्हणजे काय होतं?

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना तारेने जोडलेले असले की विजेचा घट तयार होतो आणि त्यातला दुबळा धातू झिजत जातो. म्हणून बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यावर जस्ताचा तुकडा बसवतात, तो स्वतः झिजतो आणि कांस्याचा पंखा वाचतो. समुद्रात जस्त, निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. निम्मा झिजला की बदलायचा.

मरीनात राहणाऱ्याला यात एक जादा पेच आहे. किनाऱ्याच्या विजेला जोडलं की अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट पॉन्टूनवरच्या बाकी सगळ्या बोटींशी जोडली जाते. शेजाऱ्याने त्याची जस्तं बदललीच नसतील, तर तुमची जस्तं त्याचा पंखा वाचवायला खर्ची पडतात. उपाय म्हणजे अर्थिंगच्या तारेतला हा बारीक प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, किंवा महाग पण पक्का उपाय हवा असेल तर बोटीची वीज किनाऱ्याच्या विजेपासून वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. अर्थिंगची तारच तोडून टाका असा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, ती तार माणसाचा जीव वाचवते. आणि गोड्या पाण्यातल्या मरीनात कधीही पोहू नका. कुठल्याही बोटीतून वीज पाण्यात गळत असेल तर गोड्या पाण्यात ती माणसाच्या अंगातून जायची वाट शोधते, स्नायू आखडतात, आणि चांगला पोहणारा माणूसही बुडतो.

आंघोळ, कपडे, पिण्याचं पाणी?

बहुतेक राहणारे लोक मरीनाच्या न्हाणीघरातच आंघोळ करतात. जागा निवडताना न्हाणीघर किती लांब आहे आणि हिवाळ्यात गरम पाणी चालू असतं का, हे बघून घ्या. पाण्यासाठी पिण्यायोग्य दर्जाची स्वतःची नळी ठेवा. नळाचं पहिलं पाणी थोडा वेळ सोडून द्या आणि मगच टाकीत नळी घाला. किनाऱ्याचं पाणी थेट दाबाने बोटीच्या नळांना जोडून ठेवायची सोय काही बोटींत असते. बोटीवर कुणी नसताना ती चालू ठेवू नका, कारण एक पाइप निसटला तर अख्खं मरीनाचं पाणी बोटीत येतं.

संडासाचं कसं करतात?

बोटीत मैल्याची टाकी असते, ती भरली की पंपआउटच्या जागी जाऊन उपसून घ्यायची. मरीनात थेट पाण्यात सोडणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडता येत नाही, आणि तुर्कस्तानात 'मावी कार्त' म्हणजे निळ्या कार्डावर किती सांडपाणी कुठे दिलं याची नोंद होते. पंपआउट तुमच्या मरीनात चालू अवस्थेत आहे का, हे करार करण्याआधी स्वतः जाऊन बघा. फलक असतो आणि यंत्र वर्षभर बंद असतं, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं.

वास येत असेल तर आधी नळ्या तपासा. ओलं, गरम फडकं पिळून नळीभोवती थोडा वेळ गुंडाळून ठेवा, मग ते फडकं बाहेर मोकळ्या हवेत नेऊन हुंगा. फडक्याला वास आला तर नळीचं रबर मुरलं आहे, ती बदलण्यावाचून इलाज नाही. समुद्राचं पाणी वापरणाऱ्या संडासात नळीच्या आत चुन्यासारखा थरही बसतो. अधूनमधून व्हिनेगर घालून रात्रभर ठेवल्याने तो कमी राहतो.

बोटीत सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?

दमटपणाचा. वादळ वर्षातून काही वेळा येतं, दमटपणा हिवाळाभर सोबत असतो.

हवा जितकी गार तितकी ती कमी वाफ धरते. २० अंशांची पूर्ण दमट हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम पाणी धरते, १० अंशांची फक्त ९ च्या आसपास. आतली उबदार हवा गार तळाला, काचेला, ॲल्युमिनियमच्या चौकटीला लागली की उरलेलं पाणी तिथे सुटतं. श्वास, ओले कपडे, उकळतं भांडं, सगळ्यांतून वाफ येते. गॅस जाळल्यानेही येते: एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. गॅसची शेगडी पेटवून बोट गरम करणारे लोक बोट ओली करतात, शिवाय विषारी वायूचा धोका ओढवून घेतात.

उपाय सगळे मिळून करावे लागतात. गादीखाली हवा खेळायला पट्ट्या किंवा जाळीदार थर घाला, कारण अंगाची वाफ गादीतून खाली जाऊन गार फळीवर पाणी होते, आणि चादर कोरडी दिसत असताना गादीचं पोट बुरशीने काळं पडतं. गादी आठवड्यातून एकदा उभी करा. कपाटांची दारं उघडी ठेवा, कपडे तळाच्या भिंतीला टेकू देऊ नका. स्वयंपाक करताना वरचं झाकण थोडं उघडं ठेवा, थंडी आत आली तरी. आणि विजेवर चालणारं दमटपणा शोषणारं यंत्र घ्या. गार प्रदेशात कॉम्प्रेसरचं यंत्र १० अंशांच्या आसपास निकामी व्हायला लागतं, तिथे शोषक द्रव्याच्या चाकाचं यंत्र चांगलं. ते वीज जास्त खातं, पण हवा थोडी गरमही करतं. कॅल्शियम क्लोराइडचे डबे एखाद्या कपाटापुरते ठीक आहेत.

थंडीत बोट गरम कशी ठेवायची? त्यात धोका काय?

किनाऱ्याची वीज असेल तर तेलाने भरलेला विजेचा रेडिएटर, आणि जोडीला डिझेलवर चालणारा, धूर बाहेर सोडणारा हीटर. डिझेल हीटर बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडतो, त्यामुळे तो आत कोरडी ऊब देतो. वीज गेली तरी तो बॅटरीवर चालतो.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि बोटीसारख्या बंद जागेत तो झोपेत माणूस मारतो. ईएन ५०२९१-२ हे मानक बोटी आणि कॅरॅव्हॅनसाठीच्या अलार्मचं आहे, तोच घ्या आणि झोपायच्या जागी लावा. ब्रिटनच्या बोट सेफ्टी स्कीमने अशा अलार्मची अट १ एप्रिल २०१९ पासून घातली आहे. तुमचा हीटर निर्दोष असला तरी शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर तुमच्या खिडकीतून येऊ शकतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर सांडून बिल्जमध्ये म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत साचतो. म्हणून सिलिंडर बाहेर निचरा होणाऱ्या वेगळ्या कप्प्यात हवा, गॅसचा अलार्म खाली जमिनीलगत हवा, आणि वापर झाला की झडप सिलिंडरपाशी बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना हवी.

बांधलेली बोट बुडू शकते?

हो, बांधलेल्या जागीच बऱ्याच बोटी बुडतात. पाण्याखाली बोटीला भोकं असतात: इंजिनाला गार करायचं पाणी, संडास, बेसिनचा निचरा. प्रत्येकावर सीकॉक म्हणजे झडप असते आणि त्यापुढे रबराची नळी. दीड इंची नळी पाण्याखाली दोन फुटांवर निसटली तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं, आणि बिल्ज पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. प्रत्येक सीकॉकला दोन क्लिपा, शेजारी त्या मापाची लाकडी गुडदी दोरीने बांधलेली, आणि महिन्यातून एकदा झडप उघड-बंद करून बघणं एवढं करा. पंपाला किती वेळा चालू झाला हे मोजणारा काउंटर लावला, तर गळती लहान असतानाच कळते.

आणि माणसाला धोका?

पॉन्टून आणि बोट यांच्या मधल्या फटीत पडण्याचा. मोठ्या समुद्रात लोक सावध असतात. इथे हातात पिशव्या, पायात गुळगुळीत चपला, फळीवर दव, अंधार. गार पाण्यात पडलं की पहिलं मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही, तेवढ्यात पाणी नाकातोंडात जातं. दहाएक मिनिटांत हाताची पकड जाते, आणि पॉन्टूनची कड धरून वर चढणं धडधाकट माणसालाही जमत नाही. तुमच्या जागेपासून सगळ्यांत जवळची शिडी कुठे आहे ते आल्या दिवशी बघा. बोटीची स्वतःची शिडी पाण्यातून ओढून खाली घेता येते का, हेही. रात्री एकट्याने परतताना लाइफजॅकेट घालणाऱ्यांना कुणी हसत नाही.

वादळाची सूचना आली की काय करायचं?

दोर दुप्पट करा, आणि नव्या दोराची टोकं वेगळ्या खुंट्यांना बांधा. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि झटका शोषतो, पण तोच जिथे कडेवर घासतो तिथे तुटतो. तिथे जुन्या पाण्याच्या नळीचा तुकडा दोरावर चढवा. वरचं शीड, छत, सायकली, कुंड्या, सगळं काढून आत. भूमध्य समुद्रात बोट मागची बाजू धक्क्याकडे करून बांधतात. तिथे धक्क्यापासून नेहमीपेक्षा लांब ओढून घ्या आणि चढायची फळी काढून ठेवा. वाऱ्याइतकाच त्रास मरीनाच्या तोंडातून आत शिरणाऱ्या लाटेचा असतो. काही मरीनांत विशिष्ट दिशेच्या वाऱ्यात पाणी आत हेलकावतं आणि बोटी तासन्‌तास दोरांना हिसके देतात. जागा घेण्याआधी जुन्या रहिवाशांना विचारा, कुठल्या वाऱ्यात झोप लागत नाही.

मुलं आणि पाळीव प्राणी?

मुलं छान रमतात, पण पॉन्टूनवर लहान मुलाच्या अंगात लाइफजॅकेट असलंच पाहिजे, रोज. शाळेचा प्रश्न निवास परवान्याशी बांधलेला असतो. मांजर एकदा तरी पाण्यात पडतंच. बोटीच्या बाजूने जाड दोर किंवा जाळीचा पट्टा पाण्यापर्यंत सोडून ठेवा म्हणजे ते नख्यांनी वर येईल. देश बदलताना मायक्रोचिप आणि रेबीजच्या लशीचे कागद बघतात.

पत्ता, टपाल, बँक?

मरीनाचं ऑफिस पार्सल घेईल, पण त्याने तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. बँक, कर आणि मतदारयादी यांसाठी कुठल्या तरी देशात खरा पत्ता ठेवा.

शेजाऱ्यांशी वागायची काही रीत आहे का?

आहे, आणि ती लवकर शिकावी. दुसऱ्याच्या बोटीवर हाक मारून परवानगी मिळाल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, दोर सुटलेला दिसला तरच अपवाद. कुणी बोट घेऊन येत असेल तर हातातलं काम टाकून दोर झेलायला जायचं. शीड चढवायचे दोर डोलकाठीपासून बाजूला बांधायचे. ते सुटे राहिले तर वाऱ्यात रात्रभर धातूवर टणटणत राहतात आणि अख्ख्या पॉन्टूनची झोप उडवतात.

मरीनातच राहायचं असेल तर इंजिन-शिडं चालू अवस्थेत ठेवायची काय गरज?

कारण उभी बोट फिरत्या बोटीपेक्षा लवकर खराब होते. उबदार, संथ पाण्यात काही महिन्यांत तळावर शेवाळ आणि शिंपले जमतात, आणि पंख्यावर शिंपले चढले की इंजिन चालतं, बोट हलत नाही. पूर्वी कथिलयुक्त रंगाने हे फार चांगलं रोखलं जायचं. पण तो रंग समुद्रातल्या गोगलगायी-शिंपल्यांना घातक ठरला आणि २००८ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आली. आताचे रंग बोट चालत राहिली तर जास्त चांगलं काम करतात. पाणबुड्याकडून पंखा खरवडून घ्यायचा खर्च वर्षाच्या हिशेबात धरा.

महिन्यातून एकदा तरी बाहेर पडा, तासा-दोन तासांसाठी का होईना. जागेवर बांधून इंजिन रिकामं चालवणं पुरत नाही, त्याला भार देऊन नीट तापू द्यावं लागतं. बाहेर पडायचं म्हणून कुंड्या उचलाव्या लागतात, पुस्तकांचे गठ्ठे बांधावे लागतात, सुटं सामान कळतं. जे सामान बांधायलाच अर्धा दिवस जातो, ते बोटीवर जास्त झालेलं आहे. करार वाढवून मिळाला नाही किंवा शेजारी आग लागली, तर निघता येणाऱ्यालाच पर्याय असतो.

काही आठवडे बोट सोडून जायचं असेल तर?

बिल्ज पंपाचा सोडून बाकी सगळे सीकॉक बंद करा, गॅस सिलिंडरपाशी बंद, नळाचं पाणी तोडलेलं, फ्रिज रिकामा आणि दार उघडं. दमटपणा शोषणारं यंत्र चालू ठेवायचं तर त्याची नळी बेसिनमध्ये नीट सोडा, आणि तेवढ्या बेसिनचा सीकॉक उघडा राहील हे लक्षात ठेवा. बॅटरी चार्जर चालू आहे ना, हे बघाच, कारण खांबावरचा ब्रेकर पडला तर पंप बॅटरीवर जितके दिवस चालेल तितकेच. ओळखीच्या शेजाऱ्याकडे किल्ली आणि तुमचा फोन नंबर द्या, मरीनाच्या ऑफिसात त्याचं नाव कळवा. त्याला दोर, फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला टांगलेले फुगे) आणि पंपाचा काउंटर आठवड्यातून दोनदा बघायला सांगा. काउंटरचा आकडा वाढलेला दिसला तर आत जाऊन फळ्या उचलायची मुभा त्याला आधीच लिहून दिलेली असावी.